जॉन्जूची सांस्कृतिक सहल : कोरियात नव्याने रुजू होणाऱ्या परदेशी शिक्षकांसाठी

कोरियातील सरकारी शाळांत इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी शिक्षक नेमण्याची ‘एपिक’ ही सरकारी योजना १९९५ पासून चालू आहे. तिच्या मोठ्या तुकड्या वर्षातून दोनदा येतात, मार्चच्या सत्रासाठी फेब्रुवारीत आणि शरदातील सत्रासाठी ऑगस्टमध्ये, आणि शाळेत रुजू होण्याआधी त्यांना प्रशिक्षण वर्ग पुरा करावा लागतो. भाषा येत नाही, चालीरीती ठाऊक नाहीत आणि आठवड्याभरात तीस मुलांपुढे उभे राहायचे आहे, अशा अवस्थेतील माणसांना देशाची थोडी ओळख व्हावी म्हणून या काळात एक दिवसाच्या सांस्कृतिक सहली काढल्या जातात. त्यांपैकी जॉन्जूला नेणाऱ्या एका सहलीत मी ऑगस्टअखेर गेले होते. खर्च सगळा आयोजकांचा होता, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही हा प्रश्न येथे नाही. प्रश्न आहे तो एका अख्ख्या दिवसाचा, आणि नव्या नोकरीच्या तोंडावर तो दिवस फार मोलाचा असतो.

मराठी वाचकांपैकी कोणाला याचे काय, असे वाटण्याचा संभव आहे. ‘एपिक’मधील बहुसंख्य शिक्षक अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका अशा इंग्रजीभाषक देशांतले असतात, हे खरेच, परंतु भारत आणि कोरिया यांच्यातील ‘सेपा’ हा व्यापक आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाल्यानंतर इंग्रजी विषयाची पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र असलेल्या भारतीय शिक्षकांनाही तेथील सरकारी शाळांत साहाय्यक शिक्षक म्हणून काम करण्याची वाट मोकळी झाली आहे. या वाटेने जाणारे आपल्याकडचे लोक थोडे आहेत, म्हणूनच त्यांच्यासाठी लिहिलेले फारसे काही सापडत नाही.

जॉन्जू हे नैऋत्येकडील जोनबुक प्रांताचे मुख्य शहर. जोसॉन घराण्याचा संस्थापक यी सॉन्ग-ग्ये याचे मूळ घराणे येथले, त्यामुळे पाच शतके राज्य केलेल्या राजकुळाचे हे मूळ गाव मानले जाते. सहलीचा बहुतेक कार्यक्रम ‘हानोक माउल’ या भागात होतो. हानोक म्हणजे लाकडी सांगाड्याचे, वळणदार कौलारू छपराचे पारंपरिक घर. अशी सातशेहून अधिक घरे येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. आम्हांला दिलेल्या माहितीपत्रकात या वस्तीचे वर्णन ‘शेकडो वर्षांचे प्राचीन गाव’ असे केले होते, आणि ते सपशेल दिशाभूल करणारे आहे. जपानी राजवटीत शहराचा तट पाडला गेला, तटाबाहेरचे जपानी व्यापारी आत सरकू लागले, आणि त्याला उत्तर म्हणून १९३० च्या सुमारास कोरियन कुटुंबांनी या बाजूला आपल्या पद्धतीची घरे बांधायला घेतली. आज दिसणारी वस्ती मुख्यतः त्या काळातली आहे. माझ्या मते ही हकिकत प्राचीनत्वाच्या दाव्यापेक्षा कितीतरी अधिक सांगण्याजोगी आहे. शेजारी परकी वस्ती वाढत असताना हट्टाने आपल्या धाटणीचे घर बांधणे म्हणजे काय, हे परदेशातून आलेल्या शिक्षकांना सहज समजले असते. सुदैवाने आमच्या मार्गदर्शक बाई जाणकार होत्या, आणि विचारल्यावर त्यांनी हे सारे नीट सांगितले. मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगितले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

दिवसाची सुरुवात हानबोक या पारंपरिक पोशाखाने झाली आणि येथेच कार्यक्रमाचा तोल बिघडला. भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात पन्नासएक माणसे एकदम शिरली की काय होते, हे सांगायला नको. पोशाख निवडणे, केस बांधून घेणे, पिशव्या कपाटांत ठेवणे, मग रस्त्यावर छायाचित्रे काढणे आणि पुन्हा सगळे उतरवून परत करणे, यात सकाळचा मोठा भाग खर्ची पडला. बायकांच्या पोशाखात वर ‘जॉगोरी’ हा आखूड अंगरखा आणि खाली छातीपासून घोळदार ‘चिमा’ असतो; अंगरखा बांधायच्या लांब पट्ट्यांना ‘गोरुम’ म्हणतात आणि त्यांची एकाच फाशाची, दोन्ही टोके खाली सोडलेली गाठ नीट बसवणे ही खरी शिकण्याची गोष्ट आहे. दुकानात मिळालेल्या बहुतेक अंगरख्यांना ती गाठ आधीच शिवून टाकलेली होती आणि आत चापाचे बटण होते. चिम्याला जाळीदार झालर आणि आतून तारेचे कडे. पर्यटकांच्या सोयीसाठी हे केले जाते, त्यात वावगे काही नाही; पण परंपरा शिकवण्यासाठी काढलेल्या सहलीत पोशाखाचा इतका वेळ ठेवायचा, आणि त्यातले एकमेव कौशल्य मात्र बटणावर निभावून न्यायचे, हे पटत नाही. ऑगस्टच्या दमट उकाड्यात कृत्रिम धाग्याच्या त्या कपड्यांत चालताना काही जणांना चक्कर येते की काय असे वाटू लागले होते. एक साधे हानबोक समोर ठेवून, दोघा-तिघांना ते नेसवून, गाठ प्रत्येकाकडून एकदा बांधून घेतली असती, तर अर्ध्या तासात काम झाले असते.

तेथून ग्यॉन्गीजॉनला गेलो आणि सहलीने खरा सूर पकडला. पहिल्या राजाचे, म्हणजे थेजो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यी सॉन्ग-ग्येचे चित्र ठेवण्यासाठी १४१० मध्ये बांधलेली ही वास्तू १५९७ च्या जपानी स्वारीत जळाली आणि १६१४ मध्ये पुन्हा उभारली गेली. प्रवेशद्वाराबाहेर दोन दगडी प्राण्यांच्या पाठीवर एक शिळा आहे. येथे सर्वांनी घोड्यावरून उतरावे आणि आगंतुकांनी आत येऊ नये, अशी आज्ञा तिच्यावर कोरलेली आहे. आत निळ्या झग्यातील, सोनेरी ड्रॅगनच्या आकृतींच्या पोशाखातील राजाचे चित्र आहे. १८७२ मध्ये जुन्या चित्रावरून काढलेली मूळ प्रत जपून ठेवलेली असते आणि एरवी तिची नक्कल मांडलेली असते. तथापि सगळ्यांत अधिक वेळ आम्ही थांबलो ते आवारातील ‘सागो’पाशी, म्हणजे दफ्तरखान्यापाशी. जोसॉन राजांच्या कारकिर्दींचे इतिवृत्त चार ठिकाणी चार प्रतींत ठेवण्याची पद्धत होती. १५९२ च्या जपानी आक्रमणात सोल, छुंगजू आणि सॉन्गजू येथील प्रती भस्मसात झाल्या. जॉन्जूची तेवढी वाचली, कारण आन उई आणि सोन होंग-रोक या दोन स्थानिक विद्वानांनी ती, राजाच्या चित्रासह, नेजांगसान डोंगरात हलवली आणि तेथे वर्षभराहून अधिक काळ राखण केली. त्या एका प्रतीवरून पुढे नव्या प्रती झाल्या, आणि हे इतिवृत्त १९९७ पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत आहे. मार्गदर्शक बाईंनी ही गोष्ट खांबांवर उचललेल्या त्या लाकडी इमारतीच्या सावलीत, कोणताही आवेश न आणता सांगितली, आणि सकाळपासून दूरध्वनीत डोके घालून बसलेली मंडळीही ऐकत राहिली.

समोरच लाल विटांचे जॉनदोंग कॅथलिक चर्च आहे, १९०८ ते १९१४ या काळात बांधलेले. तेथे आम्ही जेमतेम दहा मिनिटे होतो. आईच्या मृत्यूनंतर कन्फ्यूशियन रीतीने पितृपूजा करण्यास नकार दिला आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्या जाळल्या म्हणून युन जी-छुंग यांना, त्यांचे आप्त क्वॉन सांग-यॉन यांच्यासह, १७९१ मध्ये याच जागी देहदंड दिला गेला. चर्चच्या पायात तोडलेल्या तटाचे दगड वापरले आहेत. पूर्वजांची पूजा ही कोरियन परंपरा, असे एका वाक्यात सांगून पुढे जाणाऱ्यांनी येथे थोडे थांबायला हवे होते. वर्गातल्या कोणत्या मुलाच्या घरी ही पूजा होते आणि कोणाच्या घरी होत नाही, याचा उगम या जागेशी येऊन भिडतो.

दुपारचे जेवण म्हणजे अर्थातच जॉन्जूचे बिबिंबाप. या शहराला २०१२ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली आहे. काशाच्या जड, तापवलेल्या वाडग्यात भात, त्यावर सोयाबीनचे मोड, पालेभाज्या, गाजर, मशरूम, मुगाच्या पिठाची पिवळी थलथलीत वडी, मधोमध अंड्याचा बलक, आणि गोचुजांग ही लाल तिखट मिरचीची चटणी; हे सारे चमच्याने शेवटपर्यंत कालवायचे आणि मगच खायचे. कालवण्यापूर्वी त्याची मांडणी इतकी देखणी असते की ती मोडायला हात धजत नाही. चव उत्तम होती, मोडांचा कुरकुरीतपणा आणि काशाच्या भांड्यात शेवटपर्यंत टिकलेली ऊब विशेष लक्षात राहिली. शाकाहारी मंडळींनी मात्र नीट समजून घ्यावे, की जॉन्जू पद्धतीत भात बहुधा गोमांसाच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात आणि वर कच्च्या गोमांसाचे बारीक काप घालतात, म्हणून वरचे मांस काढून टाकल्याने जेवण शाकाहारी होत नाही. किमचीतही खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. आयोजकांनी नावनोंदणीच्या वेळी आहाराविषयी विचारले होते आणि आम्ही काही जणांनी ते लिहून दिले होते, परंतु ते उपाहारगृहापर्यंत पोहोचलेच नव्हते. ‘गोगी प्पे जुसेयो’, म्हणजे मांस वगळून द्या, एवढे म्हणून वरचे काप टळले. भाताचे काय, याला उत्तर नव्हते. शेवटी साधा पांढरा भात आणि भाज्या असे वेगळे ताट करून देण्याची तसदी तेथल्या मावशींनी आपणहून घेतली, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. आयोजकांचे गुण मात्र येथे कापले पाहिजेत.

जेवणानंतरचा हान्जीचा वर्ग हा संपूर्ण दिवसातला सर्वांत उत्तम भाग होता, असे मी निःशंकपणे म्हणेन. हान्जी म्हणजे ‘दाक’ या तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद. साल उकळून, धुऊन, कुटून तिचे तंतू सुटे करतात आणि पाण्याच्या हौदात सोडतात. ते तळाशी बसू नयेत म्हणून पाण्यात एका मुळाचा चिकट रस मिसळतात. ते झाड भेंडीच्या कुळातले निघाले, आणि हौदात हात घालताच बोटांना लागणारी बुळबुळ अगदी ओळखीची वाटली. हा रस उन्हाळ्यात लवकर उतरतो, म्हणून जुने कारागीर कागदाचे मुख्य काम थंडीत करीत, असे तेथे समजले. बांबूच्या काड्यांच्या बारीक चटईची चौकट एका दोरीने टांगलेली असते. ती पुढे बुडवून पाणी उचलायचे, ते मागच्या बाजूने सोडायचे, मग डावीकडे-उजवीकडे हेलकावे देत दोन्ही कडांवरून पाणी वाहू द्यायचे. तंतू आडवे-उभे एकमेकांत गुंततात ते या हेलकाव्यांमुळे, आणि हान्जी सहजी फाटत नाही ती त्याच कारणाने. मी उचललेला पहिला ताव एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात पारदर्शक आला. कारागिराने काही न बोलता माझ्या मनगटाखाली आपले दोन हात धरले आणि चौकट दोनदा हलवली. तेवढ्याने हेलकावा कुठून द्यायचा ते कळले. शिकवणे कसे असावे याचा एवढा चांगला नमुना प्रशिक्षण वर्गातील कोणत्याही व्याख्यानात पाहायला मिळाला नव्हता. ओला ताव तापलेल्या पत्र्यावर पसरून काही मिनिटांत वाळवून हाती दिला जातो, आणि गटही लहान केले असल्याने प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळतो.

त्याच वाड्यातील एका खोलीत नमस्काराचे धडे झाले. खोली ‘ओन्दोल’ची, म्हणजे जमिनीखालून चुलीची धग फिरवून फरशी तापवण्याच्या रचनेची होती, ऑगस्टमध्ये ती अर्थातच थंड होती. पारंपरिक वाकून नमस्कार करताना पुरुषाने डावा हात उजव्यावर आणि स्त्रीने उजवा हात डाव्यावर ठेवायचा असतो, आणि अंत्यविधीच्या प्रसंगी नेमके याच्या उलट करतात. शिकवणाऱ्या वयस्कर बाई याबाबतीत कमालीच्या काटेकोर होत्या. एका उंच मुलाने हात उलटे ठेवले तेव्हा त्यांनी स्वतः पुढे होऊन ते बदलले आणि हसत म्हणाल्या, की मी अजून जिवंत आहे. त्यांनी पुढे जे सांगितले ते शाळेत पहिल्याच दिवशी कामाला येते: वडीलधाऱ्यांना काहीही देताना वा घेताना दोन्ही हात वापरावेत, किंवा उजव्या हाताला डाव्याचा आधार द्यावा, त्यांच्यासमोर मद्य पिताना तोंड बाजूला वळवावे, जेवताना ज्येष्ठाने चमचा उचलल्याशिवाय आपण सुरुवात करू नये. मराठी घरात वाढलेल्या माणसाला यातला बराचसा भाग अंगवळणी पडायला वेळ लागत नाही. हा भाग आणखी तासभर चालला असता तरी कोणी कुरकुर केली नसती.

आणि आता मुख्य तक्रार. या वस्तीच्या कडेला जॉन्जू ह्यांग्यो आहे. ह्यांग्यो म्हणजे जोसॉन काळातील सरकारी कन्फ्यूशियन शाळा. ही शाळा सध्याच्या जागी १६०३ मध्ये आली. पुढच्या बाजूला ‘देसॉन्गजॉन’ हे कन्फ्यूशियसचे पूजास्थान आणि मागे ‘म्यॉन्ग्न्युनदांग’ ही अध्यापनाची वास्तू, अशी तिची रचना आहे. आवारात सुमारे चार शतकांचे जुने गिंको वृक्ष आहेत; या झाडाला कीड लागत नाही, तसे विद्यार्थ्यानेही अधिकारावर गेल्यावर भ्रष्ट होऊ नये, या भावनेने ती लावली गेली असे सांगतात. शिक्षकांच्या सहलीसाठी याहून समर्पक जागा सबंध शहरात नाही. पूजास्थान आणि वर्ग एकाच भिंतीआड का असत, गुरूचे स्थान कुठून आले, परीक्षेवर सगळे भवितव्य टांगून ठेवण्याची आजच्या कोरियन घरांतली वृत्ती किती जुनी आहे, या प्रश्नांची चर्चा दुसरीकडे कुठे करणार? आम्हांला तेथे मिळाली वीस मिनिटे, तीही एका दूरदर्शन मालिकेचे चित्रीकरण येथे झाले होते हे ऐकण्यात आणि त्या दृश्याच्या जागी उभे राहून छायाचित्र काढण्यात गेली. मार्गदर्शक बाईंचा यात दोष नव्हता, कारण त्यांच्या हातातल्या वेळापत्रकात सकाळच्या पोशाखाने खाल्लेला वेळ याच जागेतून कापला गेला होता.

येथेच सांगता आल्या असत्या अशा, नव्या शिक्षकाला अत्यंत आवश्यक असलेल्या दोन गोष्टी दिवसभरात कोणी उच्चारल्याही नाहीत. कोरियात शिक्षक दिन १५ मे रोजी असतो, आणि ती तारीख कोरियन लिपीचा कर्ता राजा सेजोंग याच्या जन्मदिवसावरून घेतलेली आहे. एकेकाळी त्या दिवशी शिक्षकांना भेटी देण्याची पद्धत होती. सप्टेंबर २०१६ पासून लागू झालेल्या लाचप्रतिबंधक कायद्याने सरकारी शाळेतील शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून वा पालकांकडून भेटवस्तू घेणे बंद झाले, आणि वर्गाच्या प्रतिनिधीने सर्वांदेखत दिलेले कार्नेशनचे फूल एवढाच अपवाद मानला जातो. प्रेमाने पुढे केलेला कॉफीचा पेला नाकारावा लागतो, आणि तो दोन्ही हात जोडून, वाकून कसा नाकारावा हे परदेशी माणसाला आधी ठाऊक असलेले बरे. परंपरा आणि कायदा यांची अशी सांगड ज्या दिवशी सांगितली जाईल, त्या दिवशी ही सहल शिक्षकांची होईल. आज ती बरीचशी पर्यटकांची आहे.

संध्याकाळी पान्सोरी या पारंपरिक कथागायनाचा छोटा कार्यक्रम झाला. एक गायिका, हातात पंखा, बाजूला ‘बुक’ या ढोलावर साथ करणारा ‘गोसू’, बस्स. एका कथेचे पूर्ण गायन कित्येक तास चालते, जुन्या कथांपैकी पाचच आज परंपरेत उरल्या आहेत, आणि युनेस्कोने २००३ मध्ये या कलेला मानवजातीच्या वारशाचा दर्जा जाहीर केला. आम्ही ऐकला तो एका कथेतला तुकडा. मध्येच ‘ऑलशिगू’, ‘जोता’ अशी दाद श्रोत्यांनी द्यायची असते आणि तिच्याशिवाय गाणे अधुरे मानतात, हे वादकाने आधी सांगून आमच्याकडून सराव करून घेतला. पहिल्यांदा सगळे एकदम, चुकीच्या जागी ओरडले. गायिकेने भुवई उंचावली, वादकाने ढोलाच्या कडेवर टिपरू मारून जागा दाखवली, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला दाद बरोबर समेवर पडू लागली. घशातून ओरबाडून काढल्यासारखा तो आवाज काहींना सोसला नाही; मला तो फार आवडला. पंखाही जॉन्जूचाच असतो: जोसॉन काळात येथल्या प्रांत कचेरीत पंख्यांचा स्वतंत्र कारखाना होता, आणि दानो सणाला येथून राजाकडे पंखे जात.

एकंदरीत पाचपैकी साडेतीन गुण मी देईन. हान्जी, नमस्काराचा वर्ग, ग्यॉन्गीजॉन आणि पान्सोरी यांचे पुरेपूर, पोशाखाचे शून्य, आणि ह्यांग्योचे वाया घालवलेल्या संधीबद्दल वजा. बसगाड्या वेळेवर होत्या, पिण्याचे पाणी जागोजागी होते, मार्गदर्शकांचे इंग्रजी स्वच्छ होते. जाणाऱ्यांनी सहज निघतील असे पादत्राण आणि न फाटलेले मोजे घालावेत, कारण दिवसभरात अनेकदा चपला काढाव्या लागतात. शाकाहारी असाल तर कोरियन लिपीत लिहिलेली चिठ्ठी स्वतःच जवळ ठेवावी. सोलच्या आसपास नेमणूक झाली असेल तर योंगसान स्थानकावरून जलद रेल्वेने दोन तासांच्या आत जॉन्जूला पोहोचता येते, म्हणून सहलीत उरलेले ह्यांग्यो आणि ओमोकदे टेकडी नंतर एखाद्या शुक्रवारी-शनिवारी सावकाश पाहावी. त्याच दोन रात्री नाम्बू बाजारात रात्रीची जत्राही भरते. हान्जीच्या वर्गाला मात्र आयत्या वेळी जागा मिळेलच असे नाही, तो आधी नोंदवावा.